चित्र म्हणजे मोजमाप नव्हे: अवकाशातली चवळी आणि भनपुरीतली चवळी

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० या प्रक्षेपकाने उड्डाण केले. मोहिमेचे मुख्य काम दोन उपग्रहांची अवकाशात जोडणी करण्याचे होते. परंतु विज्ञानवार्ता वाचणाऱ्यांच्या मनात घर केले ते एका लहानशा बंद पेटीने. काम संपलेल्या चौथ्या टप्प्यालाच कक्षेत ठेवून त्याच्यावर प्रयोगांचे साहित्य चालवण्याची इस्रोची व्यवस्था 'पोएम' या नावाने ओळखली जाते. त्या वेळच्या पोएम-४ वर चोवीस प्रयोग होते आणि त्यांतला एक 'क्रॉप्स', विक्रम साराभाई अवकाश केंद्राने सिद्ध केलेला. तापमान नियंत्रित केलेल्या त्या पेटीत चवळीच्या आठ बिया होत्या. चार दिवसांत त्या रुजल्या, नंतर पानेही दिसू लागली. पेटीतल्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र देशभर फिरले. अवकाशात हिरवे पान उगवले, एवढ्या वाक्यावर असंख्य बातम्या उभ्या राहिल्या.

हे यश खरे आहे. साडेतीनशे किलोमीटर उंचीवर मातीतला ओलावा, प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, आर्द्रता आणि तापमान सांभाळत रोप वाढवणे हे अभियांत्रिकीचे काम आहे आणि ते नीट पार पडले. प्रयोगाचा घोषित हेतूही तेवढाच होता: रोप दोन पानांच्या अवस्थेपर्यंत नेता येते, हे दाखवणे. आक्षेप प्रयोगावर नाही, त्याच्या वाचनावर आहे. बातमी वाचणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी पुढचा प्रश्न विचारला? ती पाने क्षितिजाशी किती अंशांचा कोन करून होती? तो कोन दर तासाला कसा बदलत होता? जमिनीवर त्याच बियांची, तशीच पेटी ठेवली असता तिथल्या पानांचा कोन किती भरला असता? या प्रश्नांविना ते चित्र सुंदर आहे, अभिमानास्पद आहे, पण त्याला मोजमाप म्हणता येत नाही.

आपल्याकडच्या विज्ञानवार्तांची ही जुनी खोड आहे. कॅमेऱ्याने जे दाखवले ते सिद्ध झाले, असे गृहीत धरले जाते. वनस्पतींच्या बाबतीत ही खोड विशेष महागात पडते, कारण वनस्पती आपले बरेचसे म्हणणे पानांच्या स्थितीतून आणि संथ हालचालीतून मांडते. ही हालचाल उघड्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, आणि घाईने काढलेल्या एका छायाचित्रात तर ती नसतेच.

चित्राचे मोजमाप व्हायचे असेल तर चार गोष्टी लागतात: चौकटीत ज्ञात लांबीची किंवा ज्ञात कोनाची एखादी वस्तू, प्रत्येक चित्रावर विश्वासार्ह वेळ, तुलनेसाठी दुसरा गट, आणि निघालेल्या आकड्याबरोबर त्याची अनिश्चितता. यांतली एकही गोष्ट महाग नाही. म्हणूनच त्या गाळल्या जातात तेव्हा गरिबीची सबब चालत नाही.

इतिहास याला साक्ष आहे. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां यांनी लाजाळूसारखे रोप अंधारात ठेवले आणि सूर्य न दिसताही त्याची पाने दिवसा उघडतात, रात्री मिटतात, हे नोंदवले. जैविक घड्याळाच्या संपूर्ण शास्त्राचा उगम या साध्या निरीक्षणात आहे. १८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याजवळ कॅमेऱ्याची सोय नव्हती. रोपाच्या टोकाला काचेचा बारीक तंतू चिकटवायचा, समोर काच उभी करायची आणि ठरावीक वेळाने काचेवर ठिपका मांडून त्याच्यापुढे वेळ लिहायची, अशी त्यांची रीत होती. ठिपके जोडले की पानाचा मार्ग दिसे. त्या काचेवरच्या ठिपक्यांत आजच्या कित्येक रंगीत चित्रफितींपेक्षा अधिक माहिती होती, कारण प्रत्येक ठिपक्याला जागा होती आणि वेळही होती.

आणि मग जगदीशचंद्र बोस. समाजमाध्यमांवर 'झाडांनाही भावना असतात' असे सांगताना त्यांचे नाव घेण्याची प्रथा पडली आहे. झाडाला गाणे ऐकवणारेही त्यांचाच हवाला देतात. बोस यांनी मात्र काजळी धरलेल्या काचेवर उमटणाऱ्या रेषा मागे ठेवल्या. त्यांच्या अनुनादी लेखकयंत्राची सुई काचेला सतत घासत नसे. ती ठरावीक कालांतराने टिचकी मारून ठिपका उमटवी, त्यामुळे घर्षणाचा अडथळा टळे आणि वेळेची मोजणी आपोआप होई. वाढ मोजणारे त्यांचे क्रेस्कोग्राफ हालचाल दहा हजार पटींनी मोठी करून दाखवी.

फरीदपूरच्या खजुरीची गोष्ट या संदर्भात प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. त्या गावातले एक कललेले झाड संध्याकाळी, देवळात घंटा वाजण्याच्या सुमारास, खाली वाके आणि सकाळी पुन्हा वर येई. झाड प्रार्थना करते अशी लोकांची श्रद्धा बसली आणि तिथे गर्दी होऊ लागली. बोस यांनी झाडाला नोंदयंत्र जोडले. झाडाची हालचाल रात्रंदिवस चालू असते आणि ती तापमानाच्या चढउताराबरोबर जाते, हे आलेखाने दाखवले. संध्याकाळची घंटा हा केवळ योगायोग होता. त्या काळी कोणी छायाचित्रकाराने वाकलेल्या झाडाचे आणि उभ्या झाडाचे अशी दोन चित्रे काढली असती तर ती श्रद्धेच्या बाजूनेच साक्ष देऊन गेली असती. सलग नोंद आणि शेजारी तापमापक असल्यामुळेच निकाल वेगळा लागला.

अवकाशातल्या पानांचीही अशी मोजणी झालेली आहे. २००७ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपांची चित्रे ठरावीक अंतराने घेतली. प्रश्न डार्विनचाच होता: वाढणारे खोड घेर घेत डोलते, त्याला गुरुत्वाकर्षण लागते का? रोपे ज्या यंत्रात होती ते गरगर फिरवून कृत्रिम गुरुत्व निर्माण करता येत असे. यंत्र थांबलेले असताना घेर लहान पडत, फिरू लागले की मोठे होत. म्हणजे तुलनेचा गट त्याच पेटीत, त्याच रोपांवर, त्याच कॅमेऱ्यासमोर तयार झाला. वनस्पती, कॅमेरा आणि अवकाश या तिन्ही गोष्टी चवळीच्या बातमीतही होत्या. उत्तर देणारी चौथी गोष्ट, म्हणजे तुलना, वाचकापर्यंत पोहोचली नाही.

आता कॅमेरा नेमके काय मोजतो, ते पाहू. ज्यांना पानाच्या हालचालीची मोजणी पोरखेळ वाटते त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

समजा, पान ६० मिलिमीटर लांब आहे आणि चित्रातला एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा आहे. पानाचे टोक ओळखण्यात एका पिक्सेलची चूक झाली तर कोनात येणारी चूक ०.१ भागिले ६० रेडियन, म्हणजे अंशाचा जेमतेम दहावा भाग. साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही ही अचूकता आवाक्यातली आहे. शाळेतल्या कोनमापकाने उघड्या डोळ्यांनी मोजताना एक-दोन अंशांची चूक सहज होते. म्हणजे उपकरण दुबळे आहे, ही तक्रार इथेच निकालात निघते.

खरी फसवणूक दुसरीकडे आहे. कॅमेरा त्रिमितीय पानाची सपाट सावली पाहतो. एखादे पान क्षितिजापासून २० अंश वर उचललेले आहे आणि कॅमेऱ्याच्या प्रतलातच आहे. चित्रातही २० अंशच दिसतील. आता तेच पान उंची न बदलता केवळ बाजूला ४० अंश वळले, तर चित्रात ते सुमारे २५ अंश वर आहे असे दिसेल. पान उचलले गेलेलेच नाही, तरी आलेखात पाच अंशांची 'हालचाल' उमटली. एकाच कॅमेऱ्याने काढलेल्या आलेखावर विसंबून लिहिलेल्या निष्कर्षांत असे भुताटकीचे अंश किती असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. उपाय सोपा आहे: काटकोनात दुसरा कॅमेरा, किंवा रोपाशेजारी ४५ अंशांत उभा केलेला आरसा. आरशातले प्रतिबिंब हा दुसरा कॅमेराच असतो.

दुसरा सापळा वेळेचा आहे. भारतात आढळणाऱ्या तारवनस्पतीची, म्हणजे बोस यांच्या आवडत्या वनचांडालाची, बाजूची छोटी पर्णिका काही मिनिटांत एक फेरी पूर्ण करते. फेरी चार मिनिटांची असेल आणि चित्र दर पाच मिनिटांनी घेतले, तर आलेखात वीस मिनिटांची संथ, देखणी लय दिसेल. ती लय निसर्गात नाही, कॅमेऱ्याच्या वेळापत्रकात आहे. सिनेमात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार. हालचालीच्या एका फेरीत किमान दोन, आणि व्यवहारात आठ-दहा चित्रे हवीत, हा नियम भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. वनस्पतीसमोर कॅमेरा लावताना तो विसरला जातो.

तिसरा सापळा रात्रीचा. अंधारात चित्र घ्यायचे म्हणून दर दहा मिनिटांनी फ्लॅश मारला, तर रोपाची रात्रच उरत नाही. वनस्पतीत लाल आणि अतिलाल प्रकाश ओळखणारे रंगद्रव्य असते. त्याची संवेदनशीलता ६६० आणि ७३० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असते. म्हणून रात्रीच्या चित्रणासाठी ९४० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे आणि अवरक्त गाळणी काढलेला कॅमेरा लागतो. मोजणाराच मोजायच्या गोष्टीला ढोसत असेल तर त्याचा आलेख ढोसण्याचा आलेख ठरतो.

या तिन्ही सापळ्यांतून सुटायला बुद्धी लागते, कोट्यवधी रुपये लागत नाहीत. देशाने मात्र पैसा पुष्कळ ठिकाणी घातला आहे आणि त्यात गैर काही नाही. दिल्लीत पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत नानाजी देशमुख वनस्पती फिनॉमिक्स केंद्र आहे; ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. फिनॉमिक्स म्हणजे रोपाचे दिसणारे गुण मोठ्या संख्येने, यंत्राने आणि सलग मोजण्याचे शास्त्र. तिथे कुंड्या पट्ट्यावरून सरकत निरनिराळ्या कॅमेऱ्यांसमोर येतात. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅटमध्ये लेसरने पानांचे त्रिमितीय मोजमाप घेणारी यंत्रणा उघड्यावरच्या कुंड्यांवरून फिरते. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे अजैविक ताणांचा, म्हणजे दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा, अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. रायपूरजवळ बरोंडा येथे जैविक ताणांची, म्हणजे कीड आणि रोगांची, राष्ट्रीय संस्था आहे.

प्रश्न असा की, या काचघरांच्या बाहेर काय चालते? भाताच्या शेतात दुष्काळाचा ताण मोजण्याची जगभर रूढ असलेली पद्धत पानांच्या गुंडाळण्याला ० ते ९ गुण देण्याची आहे. पाणी कमी पडले की पानाच्या वरच्या बाजूच्या मोठ्या पेशी आक्रसतात आणि पान सुरळीसारखे मिटते. निरीक्षक वाफ्यातून चालत जातो, पाहतो आणि गुण लिहितो. अनुभवी नजरेचा मान राखूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे: सकाळी दहाला आणि दुपारी दोनला दिलेले गुण एकाच मापाचे नसतात, कारण मधल्या चार तासांत पान स्वतःच हललेले असते. शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचायला दोन तास लागले, तर पहिल्या आणि शेवटच्या वाणातला फरक वाणांचा किती आणि सूर्याचा किती, हे गुणांवरून कळत नाही.

छत्तीसगडला ही उणीव परवडण्यासारखी नाही. डॉ. राधेलाल रिछारिया यांनी या प्रदेशातली गावे पालथी घालून जमवलेल्या भातवाणांच्या संग्रहातून रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे भातबीजांचे भांडार उभे राहिले. त्यात आज तेवीस हजारांहून अधिक नमुने आहेत. त्यांतले कोणते वाण पान आधी मिटते, कोणते उशिरा, कोणते संध्याकाळी पूर्ण उघडून येते आणि कोणते नाही, हे दोन ठिपक्यांचे ज्ञान नव्हे. ते दिवसभराच्या आलेखाचे ज्ञान आहे. तेवीस हजार वाण दिल्लीच्या पट्ट्यावरून सरकवता येणार नाहीत. स्वस्त कॅमेरे शेतात उतरले तरच हे काम होईल.

आणि म्हणून भनपुरी. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही औद्योगिक वस्ती. पुढे उरला, सिलतरा. लोखंडाचे कारखाने, रोलिंग मिल, अवजड ट्रकांची अखंड ये-जा. या पट्ट्यातल्या रहिवाशांची काळ्या धुळीबद्दलची तक्रार जुनी आहे: गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाडांच्या पानांवर बसणारा काळा थर. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या शहरी हवेच्या आकडेवारीत रायपूरचे नाव जगातल्या अतिप्रदूषित शहरांत होते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीतही रायपूर आहे.

हवेत किती कण आहेत ते मोजणारी यंत्रे आहेत. त्या कणांनी सजीवाचे काय होते, हे मोजण्याची वेळ आली की मात्र पुन्हा छायाचित्र पुढे येते: काळवंडलेले पान, शेजारी स्वच्छ पान. असे चित्र वर्तमानपत्रात छापून येते, चार दिवस हळहळ होते आणि विषय मिटतो. चित्राला उत्तर देणे सोपे असते. 'पान जुने होते', 'पाऊस झाला नव्हता', 'एकच पान निवडून काढले' असे म्हटले की काम भागते. आणि ही तिन्ही उत्तरे चित्रापुरती रास्तही असतात. तक्रार करणाऱ्याच्या हातात आकडा नसल्याने तो हरतो. विज्ञान शिकणाऱ्यांनी त्याला आकडा मिळवून दिला नाही, ही त्याची नव्हे, त्यांची हार आहे.

आकडा मिळवता येतो. त्यासाठी अवकाशात गेलेली तीच चवळी पुरेशी आहे, रायपूरच्या बाजारात जिला बरबट्टी म्हणतात. चवळीच्या पर्णिकेच्या मुळाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन आणि पाठोपाठ पाणी बाहेर गेले की ती बाजू सैल पडते, दुसरी फुगते आणि पान वळते. विदर्भात ज्याला तरोटा आणि छत्तीसगडात चरोटा म्हणतात, त्याची पाने संध्याकाळी जोडीजोडीने मिटतात, तीही अशाच सांध्यांनी. चवळीचे वैशिष्ट्य असे की पाणी कमी पडले की तिची पाने दुपारी सूर्यकिरणांना समांतर होऊ लागतात, म्हणजे ऊन चुकवतात. पाणी पुरेसे असले तर ती ऊन घेतात. पानाचा कोन हा रोपाच्या पाणीहिशेबाचा रोजचा ताळेबंद असतो. धुळीचा थर पर्णरंध्रे अडवतो, प्रकाश रोखतो, पानाचे तापमान बदलतो. या तिन्ही गोष्टींचा पाण्याशी संबंध आहे, म्हणून कोनाशीही संबंध असला पाहिजे. असला पाहिजे, हे गृहीतक झाले. आणि गृहीतक तपासण्यासाठीच असते.

तपासणीचा आराखडा कोणत्याही महाविद्यालयाला झेपेल असा आहे. हिवाळ्यात, पाऊस धूळ धुऊन नेत नाही अशा दिवसांत, भनपुरीतल्या एका गच्चीवर चवळीच्या चोवीस कुंड्या ठेवाव्यात. एकच बियाणे, एकच माती, तोलून घातलेले पाणी. बारा रोपांची पाने रोज पहाटे ओल्या मऊ फडक्याने पुसावीत. बाकी बारांना तितक्याच वेळा हात लावावा, पण कोरडा आणि धूळ न झटकता, म्हणजे हाताळण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा राहील. दोन्ही गट एकाच हवेत, एकाच उन्हात असल्यामुळे 'तिथली हवा वेगळी' हे उत्तर बाद होते. तसाच चोवीसांचा दुसरा संच कारखान्यांपासून दूर ठेवावा. पुसलेल्या आणि न पुसलेल्या रोपांतला फरक भनपुरीत मोठा आणि दूरच्या जागी नगण्य निघाला, तर धुळीकडे बोट दाखवता येईल. दोन्हीकडे सारखा निघाला, तर पुसण्याकडे. काहीच फरक नसला, तर तेही तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध करावे लागेल.

प्रत्येक चार-सहा कुंड्यांमागे एक कॅमेरा आणि एक आरसा. दर दहा मिनिटांनी पाच चित्रे लागोपाठ, म्हणजे वाऱ्याने हललेले पान मधल्या मूल्याने गाळता येईल. चौकटीत एक पट्टी आणि पत्र्याचे एक खोटे पान, ज्ञात कोनात खिळलेले. त्या पत्र्याच्या पानाचा कोन आलेखात बदलू लागला, तर कॅमेरा सरकला आहे. पट्टीचा काळा-पांढरा भेद फिका पडू लागला, तर भिंगावरच धूळ बसली आहे. भनपुरीत ती बसणारच, आणि तिची नोंद हासुद्धा निकालाचाच भाग आहे. घड्याळ प्रमाणवेळेवर लावावे, पण दोन गावांची तुलना करताना सूर्य विसरू नये: प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून रायपूरचा सूर्य साडेतीन मिनिटे मागे असतो, मुंबईचा अडतीस मिनिटे. मुंबईतल्या कुणी 'आमची चवळी अर्धा तास उशिरा मिटते' असे कळवले, तर प्रदूषणाचा सिद्धांत मांडण्याआधी नकाशा पाहावा.

आता आक्षेप. पहिला: रोपे एकसारखी नसतात, हा गोंगाट सगळे झाकून टाकील. गोंगाट आहेच. समजा, रोपारोपांतला फरक दहा अंशांचा आहे. बारा रोपांच्या सरासरीत ती अनिश्चितता दहा भागिले बाराचे वर्गमूळ, म्हणजे तीन अंशांच्या आत येते. दोन गटांतला फरक त्याहून पुष्कळ मोठा नसेल तर निष्कर्ष काढू नये. म्हणजे किती रोपे लागतील हे आधी ठरवता येते. हे गणित न करता आठ-दहा रोपांवरून सिद्धांत मांडणाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार करू नये.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा असतो. स्वस्त कॅमेऱ्याने केलेल्या कामाला नामवंत नियतकालिके विचारतील का? पानांच्या लयीचे विश्लेषण करणाऱ्या, ठरावीक अंतराने घेतलेल्या साध्या चित्रांवर चालणाऱ्या संगणकीय पद्धती गेल्या दशकात रीतसर प्रसिद्ध झालेल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची आज्ञावली सर्वांना खुली आहे. परीक्षक कॅमेऱ्याची किंमत विचारत नाही, अंशांकन विचारतो. किंमत विचारण्याची सवय खरेदी समित्यांची असते, आणि दुर्दैवाने आपल्या प्रयोगशाळांनी ती आपली मानली आहे. लाखोंचे यंत्र आले की उद्घाटनाचे छायाचित्र निघते. पाचशे रुपयांच्या आरशाचे उद्घाटन होत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एवढ्याने भनपुरीच्या माणसाला काय मिळणार? पानाचा कोन मोजून फुप्फुसे स्वच्छ होत नाहीत. खरे आहे. पण पान हा असा रहिवासी आहे, जो नोकरीला दुसरीकडे जात नाही, तंबाखू खात नाही, चुलीजवळ बसत नाही आणि ज्याच्या दोन जुळ्या भावंडांपैकी एकाला रोज पुसून दुसऱ्याला तसेच ठेवता येते. माणसाबद्दल जे प्रश्न नीतीने विचारता येत नाहीत, ते पानाला विचारता येतात. त्याचे उत्तर माणसाच्या प्रकृतीचे उत्तर ठरणार नाही. मात्र 'धुळीने काही होत नाही' हे वाक्य पुन्हा बिनधास्त उच्चारता येणार नाही. किंवा, आकड्यांनी तसे दाखवले तर, तक्रारीला अधिक योग्य दिशा शोधावी लागेल. दोन्ही शक्यता आधीच मान्य करून जो मोजायला बसतो, त्याच्याच आकड्याला वजन असते.

म्हणून मागणी दोन्हीकडे एकच आहे. अवकाशात पुढच्या वेळी रोप उगवेल तेव्हा बातमीसोबत मूळ चित्रे, त्यांच्या वेळा, चौकटीतली पट्टी आणि जमिनीवरच्या जोडपेटीची चित्रे विद्यार्थ्यांसाठी खुली करावीत. देशातल्या हजार वर्गांत हजार कोन मोजले जातील आणि त्यांतला एखादा वर्ग असे काही पाहील, जे पाठवणाऱ्यांच्याही नजरेतून सुटले होते. आणि रायपूरच्या भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि संगणकशास्त्राच्या विभागांनी हेच मानक भनपुरीच्या गच्चीवर लावावे: पहिल्या दिवसापासूनची सगळी चित्रे, फसलेल्या रात्रींसकट, सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत. ज्या निष्कर्षामागची चित्रे झाकलेली आहेत, तो कक्षेतून आलेला असो की कारखान्याच्या फाटकातून, विद्यार्थ्याने त्याला एकच प्रश्न विचारावा: किती अंश, किती वाजता, आणि कशाच्या तुलनेत?